नवजात करडू आणि अतिशीत हवामान : चांगथांगच्या पठाराच्या संदर्भात एक विवेचन

पूर्व लडाखमधील चांगथांग हे पठार समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरहून अधिक उंचीवर पसरलेले आहे. हिवाळ्यात तेथील तापमान उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते, वारा जवळजवळ अखंड वाहत असतो आणि वृक्ष असे फारसे नाहीतच. अशा प्रदेशात याकच्या केसांच्या तंबूत राहून शेळ्यामेंढ्यांचे कळप राखणारा चांगपा समाज प्रामुख्याने ज्या प्राण्यावर उपजीविका करतो तो म्हणजे चांगथांगी शेळी. पश्मीना या नावाने जगभर ख्याती पावलेला, सुमारे १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा तंतू हिच्याच अंगावर येतो. ही शेळी वर्षातून एकदाच विते आणि बहुधा एकच करडू देते. जुळ्यांपैकी एक गेले तरी दुसरे राहील, हा दिलासा येथील पशुपालकास नाही. सन २०१२–१३ च्या हिवाळ्यात चांगथांगात झालेल्या असामान्य हिमवृष्टीत हजारो जनावरे दगावली व त्यांत करडांचा भरणा मोठा होता. कळपाची एक पिढीच अशा रीतीने नाहीशी झाली म्हणजे तिची उणीव पुढे कित्येक वर्षे जाणवत राहते.

करडू थंडीने मेले असे आपण सहज म्हणतो. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने हे विधान अपुरे आहे. थंडी ही केवळ उष्णता हिरावून घेते. मृत्यू ओढवतो तो बहुतांशी शरीरातील इंधन संपल्यामुळे. या दोन गोष्टींतील भेद शब्दांचा नव्हे, उपचाराचा आहे. तो ध्यानात न घेतल्यास ज्या उबेने करडू वाचावयाचे त्याच उबेने ते मरते.

प्रथम उष्णतेच्या जमाखर्चाचा विचार करू. शरीराचा पृष्ठभाग स्थूलमानाने वजनाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ३० किलोग्रॅम वजनाच्या शेळीच्या मानाने २ किलोग्रॅम वजनाच्या करडास दर किलोग्रॅममागे सुमारे अडीचपट पृष्ठभाग असतो आणि उष्णता त्या मानाने अधिक वेगाने निघून जाते. त्यातच एक विलक्षण विरोध असा की, अत्यंत उबदार तंतू धारण करणाऱ्या या जातीचे करडू मात्र त्या तंतूवाचून जन्मास येते. पश्मीना ज्या दुय्यम केशपुटकांतून उगवतो त्यांपैकी बरीचशी जन्मानंतरच्या काही महिन्यांतच पक्व होतात. जन्मतः करडाच्या अंगावर असते ती आखूड लव, आणि तीही ओली.

हे ओलेपण सर्वांत घातक होय. एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होण्यास सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता लागते. करडाच्या लवेत अडकलेल्या गर्भजलापैकी केवळ ३० ग्रॅम पाणी बाष्परूपाने उडाले आणि त्याला लागणारी सर्व उष्णता करडाच्या शरीरातूनच गेली असे मानले, तर हा व्यय सुमारे १७ किलोकॅलरी होतो. दोन किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान १० अंशांनी खाली आणण्यास एवढी उष्णता पुरेशी आहे. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते व शरीरही उष्णता निर्माण करीत असते, म्हणून ऱ्हास इतका होत नाही. तथापि धोक्याचे परिमाण या हिशेबावरून स्पष्ट व्हावे. चांगथांगची हवा अत्यंत कोरडी व वाहती असल्याने बाष्पीभवन तेथे विशेष त्वरेने होते. कोरडे करडू आडोशाला कडक थंडीही काही काळ सोसू शकते. ओले करडू वाऱ्यात सौम्य थंडीनेही गारठते. अंग पुसून कोरडे करणे ही म्हणूनच संगोपनातील पहिली व बिनखर्चाची क्रिया होय. शेळी आपल्या जिभेने हेच कार्य करते, पण पहिलटकरू अथवा अशक्त शेळीकडून ते अनेकदा अपुरे राहते.

येथे एक विषयांतर अनुचित ठरू नये. कोरड्या नवजात करडाचेही उष्णतासमतोलाचे किमान तापमान तीस अंशांच्या आसपास असते. त्याखाली प्रत्येक अंशागणिक त्याला जादा उष्णता निर्माण करावी लागते. अर्थात डिसेंबरात मराठवाड्यात १० अंशांच्या रात्री जन्मणारी उस्मानाबादी शेळीची जुळी करडे त्याच संकटाच्या सौम्य रूपाला तोंड देत असतात, आणि जुळ्यांचे जन्मवजन कमी असल्याने त्यांची बाजू आणखीच लंगडी असते. त्यांना डालग्याखाली झाकून ठेवण्याची आपल्याकडील रीत निव्वळ कुत्र्यापासून रक्षणासाठी आहे असे समजणे बरोबर नाही.

आता जमेची बाजू. नवजात करडू दोन मार्गांनी उष्णता निर्माण करते : स्नायूंच्या कंपाने, आणि कंपाविना, तपकिरी चरबीच्या ज्वलनाने. ही चरबी मूत्रपिंडांभोवती व शरीराच्या अंतर्भागात साठविलेली असते. तिच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियांत एक विशिष्ट प्रथिन असते. त्याच्या योगे ज्वलनातून निघणारी ऊर्जा रासायनिक रूपात न साठता सरळ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ऑस्ट्रेलियात जी. अलेक्झांडर यांनी १९६० नंतरच्या दशकात नवजात कोकरांवर केलेल्या प्रयोगांनी या विषयाचा पाया घातला. कोकराची कमाल उष्णतानिर्मिती दर किलोग्रॅमला सुमारे १५ वॅट असते, म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेतील निर्मितीच्या कित्येक पट. तेच मान करडास लावल्यास दोन किलोग्रॅमचे करडू ताशी साधारण २६ किलोकॅलरी उष्णता निर्माण करू शकेल. वर सांगितलेला बाष्पीभवनाचा व्यय एका तासात झाला, तर या कमाल उत्पन्नाचा दोन-तृतीयांश भाग केवळ अंग वाळविण्यात खर्ची पडेल.

शिवाय हे कमाल उत्पन्न समुद्रसपाटीवरील होय. तपकिरी चरबीच्या ज्वलनास प्राणवायू मुबलक लागतो आणि प्राणवायूची उणीव भासताच नवजात सस्तन प्राण्यांतील उष्णतानिर्मिती मंदावते, हे प्रयोगसिद्ध आहे. उच्च पठारांवरील शेळ्यांत विरळ हवेशी जुळवून घेणारे आनुवंशिक गुण आढळतात, त्यामुळे चांगथांगी करडाची स्थिती मैदानी करडाइतकी बिकट नसावी. परंतु ज्या करडाचा जन्म अडून झाला व ज्याला जन्मताना श्वासरोध सोसावा लागला, ते पहिल्या तासापासूनच निम्म्या शेगडीवर जगत असते असे म्हणावयास हरकत नाही.

ही शेगडी चालते ती ठेव्यावर. तपकिरी चरबी व यकृत-स्नायूंतील ग्लायकोजेन एवढेच त्या ठेव्यात असते, आणि कमाल दराने ज्वलन चालू राहिल्यास तो सुमारे पाच तासांत रिता होऊ लागतो. तो भरून काढण्याचे एकमेव नैसर्गिक साधन म्हणजे आईचा चीक. चिकाचे महत्त्व सामान्यतः रोगप्रतिकारक द्रव्यांच्या दृष्टीने सांगितले जाते व ते रास्तच आहे. शेळीच्या वारेतून ही द्रव्ये गर्भाकडे जात नसल्याने करडू त्यांच्यावाचूनच जन्मते, आणि आतड्यातून ती अखंड शोषण्याची क्षमता चोवीस तासांच्या आत लोपते. परंतु हिमप्रदेशात चीक हे आधी इंधन आहे, औषध नंतर. पहिल्या काही तासांत वजनाच्या दर किलोग्रॅममागे ५० मिलिलिटर आणि चोवीस तासांत सुमारे २०० मिलिलिटर चीक पोटात जावा, असे मान साधारणतः स्वीकारले जाते. दोन किलोग्रॅमच्या करडास म्हणजे पहिल्या खेपेस १०० मिलिलिटर. थंडीने ताठरलेले करडू सड धरीत नाही. अशा वेळी चीक पिळून नळीने पाजावा लागतो.

येथवरचे विवेचन समजल्यावर पुढील प्रश्न सरळ वाटतो. गारठलेले करडू सापडले, ते प्रथम शेकावे की प्रथम पाजावे? माणसाची स्वाभाविक प्रवृत्ती शेकण्याकडे असते. स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्थेत १९८० च्या दशकाच्या आरंभी कोकरांवर झालेल्या कार्यावरून असे दिसून आले की, या प्रश्नाचे उत्तर करडाच्या वयावर अवलंबून आहे. निरोगी करडाचे गुदद्वारी तापमान ३९ ते ४० अंश असते. ते ३७ ते ३९ च्या दरम्यान उतरले असता अंग कोरडे करणे, आडोसा देणे व चीक पाजणे एवढ्याने भागते. परंतु ३७ च्या खाली गेलेल्या शावकांचे दोन अगदी भिन्न वर्ग पडतात. पाच तासांहून लहान शावक गारठते ते ओलेपणाने व वाऱ्याने. त्याचा ठेवा अद्याप शिल्लक असतो, म्हणून त्याला पुसून शेकावे व तापमान ३७ च्या वर आल्यावर पाजावे. पाच तासांहून मोठे शावक गारठते ते उपासाने. त्याच्या रक्तातील शर्करा अगोदरच तळास गेलेली असते. थंड मेंदूची गरज अल्प असल्यामुळे ते त्या अवस्थेतही कसेबसे तगून असते. पण त्याला शेकू लागताच मेंदूची शर्करेची मागणी वाढते, पुरवठा मात्र नसतो, आणि झटके येऊन ते शेकोटीजवळच प्राण सोडते. शेकल्यामुळे मेले हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. थंडी फार झाली होती असेच तो समजतो.

अशा शावकास म्हणून आधी शर्करा द्यावयाची असते. मान धरू शकत असेल तर नळीने चीक पाजावा व मग शेकावे. मान टाकली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, कारण गिळण्याची प्रतिक्रिया मंदावलेली असून द्रव फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी २० टक्के ग्लुकोजचे द्रावण शरीराच्या तापमानाइतके कोमट करून, दर किलोग्रॅममागे १० मिलिलिटर या प्रमाणात, उदरपोकळीत टोचतात. शावकास पुढच्या पायांनी उभे लोंबते धरून, नाळेच्या बाजूस व सुमारे अडीच सेंटिमीटर खाली, सुईचे टोक शेपटीकडे रोखून ती खुपसावयाची असते. हे कौशल्य अवघड नाही, पण ते प्रत्यक्ष पाहून शिकण्याचे आहे. त्यानंतरच उष्णता. गरम हवेचे तापमान ४० अंशांपुढे जाऊ देऊ नये आणि दर अर्ध्या तासाने तापमान मोजावे. ही पद्धती मेंढीच्या कोकरांवर सिद्ध झाली व पशुवैद्यक व्यवहारात करडांनाही लावली जाते. तिला लागणारी सामग्री म्हणजे तापमापक, नळी, पिचकारी व ग्लुकोज एवढीच. वीज नसलेल्या तंबूत कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली हीटरचे काम करते. गरम पाण्यात बुडविण्याचा उपाय मात्र चांगथांगात टाळलेलाच बरा, कारण एकदा भिजलेले करडू पुन्हा वाळविणे हे तेथे मूळ व्याधीइतकेच कठीण.

शिवाय पाण्याने वासही धुऊन जातो, आणि शेळीच्या बाबतीत हा गौण मुद्दा नव्हे. पी. क्लॉपफर व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, व्याल्याबरोबर केवळ पाच मिनिटे करडू जवळ राहिले तरी पुढे काही काळ वेगळे ठेवूनही शेळी त्याला पुन्हा स्वीकारते. ही पाच मिनिटे न मिळाल्यास ती बहुधा त्याला लाथाडते. हिमवृष्टीत जन्मलेले करडू तत्काळ उचलून तंबूत नेण्याची घाई म्हणूनच दुधारी ठरते. ते जगले तरी पोरके होण्याचा संभव असतो, आणि पोरक्या करडास हाताने दूध पाजीत वाढविणे हे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास परवडणारे नाही. शक्य तेथे शेळीलाच आडोशाला आणून तिच्या नाकाखाली करडू पुसणे, आणि चाटून झाल्यावर ते हलविणे हाच व्यवहार्य मार्ग होय. दगडी, जमिनीत अर्धवट खोदलेले लहान वाडे याच कामी उपयोगी पडतात. मात्र ते ठासून भरले व हवाबंद केले, तर मूत्रातील अमोनिया व श्वासाची दमट वाफ यांमुळे फुप्फुसदाह फैलावतो. वारा अडवावा, हवा अडवू नये. छताखाली थोडी फट राखणे यासाठी पुरते.

या सर्व धडपडीचा निकाल पुष्कळ अंशी जन्मापूर्वीच लागलेला असतो. गर्भाची सुमारे सत्तर टक्के वाढ शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत होते, आणि चांगथांगात हेच आठवडे कुरणे बर्फाखाली असण्याचे. कृश शेळीचे करडू वजनाने हलके व तपकिरी चरबीने दरिद्री असते. तिचा चीक थोडा, दाट व उशिरा उतरणारा असतो. त्या काळात गाभण शेळीला दिलेले पूरक आंबोण हे करडाच्या शेगडीत आगाऊ घातलेले सरपण आहे. हिमवृष्टीनंतर करडांसाठी पाठविलेल्या मदतीपेक्षा हिमवृष्टीपूर्वी शेळ्यांसाठी साठविलेला चारा अधिक फलदायी ठरतो, तो याच कारणाने.

राहिला प्रश्न काळाचा. चांगथांगी शेळी आखूड होत जाणाऱ्या दिवसांत, शरदाच्या सुमारास माजावर येते व सुमारे १५० दिवसांनी विते. म्हणून बहुसंख्य विते मार्चपासून मेपर्यंत होतात व आगाप फळलेल्या शेळ्या फेब्रुवारीतच व्यातात. बोकडाच्या पोटाखाली कापडाचा पडदा बांधून अथवा त्याला वेगळा राखून संयोग तीन-चार आठवडे लांबविता येतो आणि कडाक्याचे दिवस चुकविता येतात. हा उपाय सोपा आहे, पण फुकटचा नाही. चांगथांगातील गवताचा हंगाम अत्यंत अल्प आहे. उशिरा जन्मलेले करडू जन्माच्या वेळी थंडीतून सुटते, परंतु पुढच्या हिवाळ्यास ते कमी वजनानिशी व अपक्व लोकरीनिशी सामोरे जाते. आगाप वितांतील तोटा पहिल्या आठवड्यात दिसतो, मागास वितांतील तोटा दहा महिन्यांनी. कोणत्या कुरणावर कोणता तोटा अधिक, हे बर्फ कोठे केव्हा वितळते यावर ठरत असल्याने त्याचा निर्णय साऱ्या पठारास एकच लागू पडत नाही. तो कळपागणिक करावा लागतो.