बिबट्याचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी ही जुनी पुस्तकं वाचायला हवीत

नोव्हेंबर 2022 मध्ये कल्याण पूर्वेत एक बिबट्या थेट रहिवासी इमारतीत घुसला. काही माणसं जखमी झाली. वनविभागाने बऱ्याच तासांनंतर त्याला बेशुद्ध करून पकडलं. तोवर व्हिडिओ मोबाईलवर फिरायला लागले होते आणि ‘नरभक्षक’ हा शब्दही.

खरं तर बिबट्या काही फार लांबून येत नाही. ज्या बारवी धरणाच्या पाण्यावर उल्हासनगर जगतं, त्या धरणाभोवती जंगल आहे. अंबरनाथच्या बाजूला मलंगगडाची डोंगररांग आहे. बदलापूरकर तर पावसाळ्यात कोंडेश्वरला जाऊन जंगलाच्या दारातच उभे राहतात.

पण बिबट्या दिसला म्हणजे तो नरभक्षक झाला का? याचं उत्तर जिम कॉर्बेटने केव्हाच देऊन ठेवलंय. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे त्याचं पुस्तक 1944 चं. चंपावतच्या वाघिणीच्या नावावर 436 बळी होते. 1907 मध्ये कॉर्बेटने तिला मारलं तेव्हा दिसलं, की तिच्या उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. म्हणजे नेहमीची शिकार तिला जमेनाशी झाली होती, आणि त्याला कारण माणूसच होता.

रुद्रप्रयागच्या बिबट्याची गोष्ट आणखी वेगळी. 1918 ते 1926 या काळात त्याने सव्वाशे माणसं मारल्याची नोंद आहे. 1918 ला इन्फ्लूएंझाची साथ आली, माणसं इतकी मेली की प्रेतं नीट जाळणंही होईना. ती दरीत ढकलली जायची. तिथून बिबट्याला माणसाच्या मांसाची सवय लागली, असं कॉर्बेट मांडतो. थोडक्यात, नरभक्षक होण्यामागे काहीतरी विशेष कारण असतं. वाट चुकून जिन्यात अडकलेला, घाबरून पंजा मारणारा बिबट्या हे प्रकरण वेगळं. कॉर्बेटची मराठी भाषांतरंही मिळतात.

आता मराठीतलं अस्सल. व्यंकटेश माडगूळकर म्हटलं की ‘बनगरवाडी’ आठवते, पण त्यांचं ‘सत्तांतर’ चुकवू नये. छोटंसं पुस्तक, पात्रं सगळी वानरं. टोळीचा जुना नर हरतो, नवा येतो आणि आधीच्या नराची पिल्लं जिवावर उठल्यासारखी मारतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण हे कल्पनेतलं क्रौर्य नाही. वानरांच्या अभ्यासकांनी ते प्रत्यक्ष नोंदवलेलं आहे. या पुस्तकाला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माडगूळकरांचं ‘नागझिरा’ त्या मानाने शांत. अभयारण्यात राहून जे दिसलं, ते लिहिलं. (जंगलात जाऊन वाघच दिसला पाहिजे असा हट्ट असणाऱ्यांनी आधी हे वाचावं.)

मारुती चितमपल्लींनी 36 वर्षं वनखात्यात काढली. रानात राहणाऱ्या माणसांकडून त्यांनी पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली आणि मराठीला परत दिली. सुरुवात ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘रानवाटा’पासून करता येईल, आणि मग ‘चकवाचांदण’ हे जाडजूड आत्मचरित्र. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात त्यांचं निधन झालं. बदलापूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या जडणघडणीतही त्यांचा वाटा होता.

ज्यांना जंगलात जायला सुट्टीच मिळत नाही, त्यांच्यासाठी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’, 1956 चं. चैत्रापासून एकेक महिना घेऊन झाडं, आभाळ, पाऊस कसा बदलतो ते त्यात आहे. एका बैठकीत संपवण्यापेक्षा जो महिना चालू आहे तेवढंच प्रकरण वाचावं आणि लोकलच्या खिडकीतून बाहेर बघावं. फाल्गुनात अंबरनाथ ते बदलापूर एवढ्या प्रवासातही एखादा पांगारा किंवा काटेसावर फुललेली दिसू शकते.