शरीराचा तोल

पुण्याच्या शनिवार पेठेत पेशव्यांच्या शनिवारवाड्याचा तट आजही उभा आहे. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे जीवन दिले. गुळगुळीत लाकडी खांबावर खाली डोके, वर पाय अशा स्थितीतही तरबेज मल्ल डगमगत नाही. ही स्थिरता केवळ बाहुबलाची नव्हे. तोल सांभाळणारी सूक्ष्म व्यवस्था प्रत्येकाच्या ठायी असते. मल्लाने ती अभ्यासाने तयार केलेली असते, इतकेच.

या व्यवस्थेचे तीन साक्षीदार आहेत. पहिला कान. प्रत्येक अंतःकर्णात ३ अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके फिरले की त्यांतील द्रव हलतो व मेंदूस वर्दी जाते. दुसरा साक्षीदार डोळे आणि तिसरा स्नायू व सांधे. या तिसऱ्यात मानेचे महत्त्व विशेष. सुमारे ५ किलोग्रॅम वजनाचे मस्तक ती पेलते आणि ते धडावर कसे वळले आहे, हेही मेंदूला कळवते. तिघांच्या साक्षी जुळल्या, म्हणजे मेंदूचा निवाडा अचूक ठरतो.

समजा, दुचाकीला मागून धक्का बसला आणि स्वाराच्या मानेला हिसका बसला. हाड मोडले नाही, तरी स्नायू दुखावतात. मग मानेची साक्ष कानाडोळ्यांच्या साक्षीशी जुळेनाशी होते. चालताना झोक जातो, डोके हलके वाटते. वरून जखम दिसत नाही, म्हणून लोक त्याला सोंग म्हणतात; परंतु त्याची पीडा खरीच असते.

यात जबड्याचा संबंध तो काय? कानशिलावर बोटे ठेवून दात आवळावेत, म्हणजे तेथील स्नायू फुगलेला लागतो. जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. शिवाय चेहऱ्याकडून व मानेकडून वेदनेची वार्ता आणणारे मज्जातंतू मज्जारज्जूच्या वरच्या भागात एकत्र येतात. त्यामुळे मानेचे दुखणे कधी कपाळात वा जबड्यात जाणवते. दुखणाईत मनुष्य नकळत दात आवळतो, आणि त्याबरोबर मानेचे स्नायूही ताठतात.

दात आवळल्याने पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया क्षणभर अधिक जोरदार होतात, हे खरे. पण क्षणाचे बळ निराळे आणि दिवसभराचा ताण निराळा. दातांच्या ठेवणीमुळे तोलात फरक पडतो काय, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. तेव्हा केवळ चक्कर जावी म्हणून दात घासून घेणे शहाणपणाचे नव्हे; घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

दुखापतीनंतर हातपाय बधिर वा दुर्बळ वाटल्यास जखमीला न हलवता तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी. एरवीही डॉक्टरांकडून मान व कान तपासून घ्यावेत आणि त्यांच्या सल्ल्याने मानेचे व तोलाचे व्यायाम हळूहळू करावेत. विसाव्याच्या वेळी ओठ मिटलेले, पण दात किंचित विलग असावेत. बिघडलेला तोल बहुधा सावरतो. त्यासाठी रोग्याला नियमितपणा हवा आणि भोवतालच्यांना विश्वास.