वाळवण गच्चीवर आणि वळीव दारात

चैत्र-वैशाखात आपल्या शाहूपुरीतल्या गच्च्या कशा भरून जातात! इकडे कुरडया, तिकडे सांडगे, आणि डंकावर न्यायच्या आधी खडखडीत वाळावी म्हणून पसरलेली ब्याडगी न् संकेश्वरी मिरची. वर्षाची बेगमी ती, हयगय करून कसं चालेल? पण मैत्रिणींनो, दुपारचं ऊन आणि चारचा वळीव, ही दोन्ही संकटं गृहिणीला गाठतात ती याच गच्चीवर.

"आपलं कोल्हापूर म्हणजे काही चंद्रपूर नव्हे," असं आपण म्हणतो. खरं आहे, पारा इथं क्वचितच चाळिशी ओलांडतो. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा उष्माघातानं १४ जण दगावले. जवळच्या केंद्रावर पारा होता ३८ च्या आसपास! हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. वळवाआधी आपल्याकडे अशीच घुसमट होते. म्हणून वाळवण सकाळी ९ च्या आत घालावं, चीक पहाटेच शिजवून घ्यावा. आणि "एवढं हातातलं झालं की पाणी पिते" हे सोडा बाई! फार घाम गेला तर लिटरभर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावं. (मधुमेह वा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.)

अंग भाजल्यासारखं तापलं, माणूस बरळू लागलं, तर १०८ ला फोन करा. सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा, जांघांत ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. कांदा फोडून नाकाशी धरण्यात वेळ दवडू नका. तो भाकरीबरोबरच बरा.

आता वळीव. ढग गडगडले की सासूबाईंची हाक येते, "अगं पळ, वाळवण भिजतंय!" आणि सून जिना चढते. घात होतो तो इथं. वीज पावसाची वाट पाहत नाही. ढगापासून १०-१५ किलोमीटरवरही ती कोसळते. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण तिच्या टप्प्यात आलोच. त्यात गच्चीवर उंच आपणच, शेजारी लोखंडी जिना नि कपड्यांची तार! तेव्हा आभाळ भरू लागलं, की आवाजाआधीच वाळवण उचलावं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप मुलांकडून मोबाइलवर घालून घ्या. आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी कळवतं. टीव्ही-फ्रीजचे प्लगही आधीच काढावेत. कडाडत असताना नळाखाली भांडी नकोत, अंघोळ नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर जाऊ नये.

कुणावर वीज पडलीच, तर त्या माणसाला हात लावायला भिऊ नका, अंगात करंट राहत नाही. श्वास थांबला असेल तर १०८ ची गाडी येईपर्यंत छाती दाबत राहावं.

आणि भिजलेल्या वाळवणाचं काय? कुरडया जुन्या धोतरावर पंख्याखाली पसरा. फारच चिकटल्या तर त्याच संध्याकाळी तळून पोरांपुढं ठेवा. मिरची दुसऱ्या दिवशी कडक उन्हात परत वाळवावी, पण बुरशी दिसली तर ती डंकावर नेऊ नये, टाकून द्यावी.