पित्याची शिष्या

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार स्त्रियांना उघडले ते १८९७ साली. तोवर फ्रान्समधील चित्रकर्त्रींना गुरू बहुधा घरातच शोधावा लागे. रोझा बोनर हिला तो पित्याच्या रूपाने लाभला. मुंबईच्या अँजेला त्रिंदाद यांनाही तसाच लाभला. मात्र त्यांना कलाशाळाही मिळाली.

अँजेलाबाईंचा जन्म १९०९ सालचा. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद मूळचे गोमंतकातील सांग्याचे, सर जे. जे. कलाशाळेतील शिक्षक आणि व्यक्तिचित्रणात निष्णात. घरच्या माणसांना समोर बसवून ते चित्रे काढीत. तेव्हा छायाप्रकाशाचा पहिला धडा कन्येला घरीच मिळाला असल्यास नवल नाही. पुढे त्यांनी जे. जे. मध्येच रीतसर शिक्षण घेतले.

तैलरंगातील पाश्चात्त्य रीत अशी हाती आली असताना त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांची पवित्र मरिया साडी नेसून, भारतीय चित्रपरंपरेतील रेषेत अवतरली. श्रोतेहो, कित्येक भाविकांना हे खटकेल. परंतु इटलीच्या चित्रकारांनी मरियेला इटालियन वेष दिला, फ्लँडर्सच्या चित्रकारांनी आपल्याकडचा. तो नाझरेथचा कोठे होता? पोप बारावे पायस यांनी अँजेलाबाईंना पदक देऊन गौरविले. उत्तरायुष्यात त्यांनी पवित्र त्रैक्याच्या कल्पनेतून त्रिकोणांची नवी रचनाही योजिली.

१९८० साली त्या निवर्तल्या. पिता-पुत्रीची चित्रे पणजीस, फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या संग्रहात, एकत्र आहेत.