चौकांचें नगर आणि मोटारींचा तळ

नगर जुनें झालें म्हणजे त्यांतील घरांवर दोन बाजूंनीं संकट येतें: एक काळाचें आणि दुसरें सोयीचें. काळाचा घाला सावकाश पडतो. वेळेवर डागडुजी केली तर तो पिढी-दोन पिढ्या लांबवितां येतो. सोयीचा घाला मात्र एखाद्या सकाळीं अकस्मात् पडतो, आणि तो घालणारा मनुष्य दुष्ट असतोच असें नाहीं. त्याला फक्त थोडी मोकळी जागा पाहिजे असते. मोटारी वाढल्यापासून अशी जागा मागणारे सर्व जगांत वाढले आहेत. या दृष्टीनें अमेरिकेंतील सव्हाना नगराची हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य जाणून घ्यावी.

जॉर्जिया प्रांतांतील हें नगर १७३३ सालीं जेम्स ओगलथॉर्प यांनीं वसविलें. त्याची आंखणी मोठी सुबक आहे. मध्यें एक चौक; त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस मिळून चाळीस घरांच्या जागा; पूर्वेस व पश्चिमेस प्रार्थनामंदिरें आणि सार्वजनिक इमारती यांसाठीं राखलेल्या चार मोठ्या जागा. एवढा भाग पुरा झाला कीं त्याच्या शेजारीं तसाच दुसरा. असे पुढें चोवीस चौक झाले. आपल्याकडील वाड्याच्या चौकांत जसें सर्व बिऱ्हाडांचें ऊन-वारें आणि बोलणें-चालणें एकत्र येतें, तसाच तेथील शेजार झाडांच्या सावलींत या चौकांभोंवतीं नांदत आला.

एलिस चौक हा पहिल्या चार चौकांपैकीं एक. अठराव्या शतकापासून तेथें बाजार भरत असे आणि पुढें त्या जागीं विटांची भव्य मंडई उभी राहिली. १९५४ सालीं ती मंडई पाडून तेथें मजल्यांवर मजले असलेला वाहनतळ बांधण्यांत आला. जागा पन्नास वर्षांच्या करारानें देऊन टाकली गेली. नागरिकांनीं विरोध केला, हळहळ व्यक्त केली. परंतु मंडई वांचली नाहीं.

लगेच पुढल्या वर्षीं कोलंबिया चौकांतील एका घरावर तीच पाळी आली. आयझाया डेव्हनपोर्ट नांवाच्या कुशल बांधकाम करणाऱ्या गृहस्थानें १८२० सालीं तें स्वतःच्या कुटुंबाकरितां बांधलें होतें. काळाच्या ओघांत त्याच्या खोल्या-खोल्या भाड्यानें गेल्या, आणि घरास अवकळा आली. शेजारच्या एका व्यवसायास तें पाडून मोटारी उभ्या करण्यास जागा करावयाची होती. या वेळीं मात्र सात स्त्रिया पुढें सरसावल्या. वृत्तपत्रांत लिहिणाऱ्या आणि चित्रकार असलेल्या ॲना हंटर या त्यांत अग्रणी होत्या. त्यांनीं केवळ अर्ज-विनंत्या केल्या नाहींत. २२,५०० डॉलर जमविले आणि घर विकत घेतलें. १९६३ पासून तेथें वस्तुसंग्रहालय आहे.

मंडईच्या वेळचा विरोध आणि या स्त्रियांचा विरोध यांतील भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. घर पाडूं नका असें दुसऱ्यास सांगणें सोपें. परंतु त्यापायीं होणारें नुकसान त्यानेंच सोसावें असें म्हणणें न्यायाचें नव्हे. या स्त्रियांनीं तो भार आपल्या शिरावर घेतला. त्यांनीं स्थापिलेल्या हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन या संस्थेनें पुढें फिरता निधि उभारला. पडावयास आलेलें घर घ्यावें, दुरुस्तीची अट खरेदीखतांत घालून तें योग्य माणसास विकावें, आणि आलेल्या पैशांतून पुढलें घर घ्यावें, अशी ती रीत. अशा प्रयत्नांनीं चारशेंहून अधिक इमारती वांचल्या.

तथापि या यशास दुसरीही बाजू आहे. जुनें घर सजलें कीं त्याची किंमत वाढते आणि त्यांतील गरीब भाडेकऱ्यास बाहेर पडावें लागतें. भिंती राखिल्या आणि शेजार गमावला, तर काय मिळविलें? हा प्रश्न त्या सातजणींपैकीं एलिनॉर ॲडलर यांचे पुत्र ली ॲडलर यांनीं मनावर घेतला. गरीब कुटुंबांस त्यांच्याच वस्तींत दुरुस्त केलेलीं घरें परवडणाऱ्या भाड्यानें मिळावीं म्हणून १९७४ सालीं त्यांनीं निराळी संस्था काढली. मातेनें घर वांचविलें. पुत्रानें घरांतील माणसांची चिंता वाहिली.

एलिस चौकाचें पुढें काय झालें? करार संपल्यावर तो वाहनतळ पाडण्यांत आला, मोटारींची सोय जमिनीखालीं करण्यांत आली, आणि २०१० सालीं चौक पुन्हा लोकांस मोकळा झाला. म्हणजे सोय आणि शेजार या दोहोंस वाट होती. ती शोधण्यास अर्धें शतक लागलें. चौक परत आला, मंडई आली नाहीं. राजमार्गासाठीं १९३५ सालीं गेलेले दुसरे दोन चौकही परत आले नाहींत. चोवीसांपैकीं आज बावीस उरले आहेत.

आपल्या गल्लींतील एखादें जुनें घर विकावयाचें आहे असें कानीं येतें, तेव्हां आपण बहुधा सुस्कारा टाकून गप्प बसतों. त्याऐवजीं सौदा होण्यापूर्वींच चार शेजाऱ्यांनीं एकत्र बसावें, मालकाची अडचण काय, किंमत किती, भाडेकऱ्यांचें काय, आणि मोटारींसाठीं दुसरी कोणती जागा आहे, याचा हिशेब कागदावर मांडावा. या बैठकींत घरांतील स्त्रियांस अवश्य बोलवावें. शेजार कशानें टिकतो हें त्यांस अधिक ठाऊक असतें.