लॅपटॉपवर उघडतंय, मग मोबाइलवर का नाही?

रेवदंड्याहून बोलतोय. आम्ही पर्यटकांना दोन खोल्या देतो. बुकिंगची वही म्हणजे जुन्या लॅपटॉपवरचा छोटा वेब सर्व्हर. ऑनलाइन का नाही? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा रायगडात कितीतरी ठिकाणी वीज आणि मोबाइल नेटवर्क दोन्ही गेलं. घरातल्या सर्व्हरला बाहेरचं नेट लागत नाही. राउटर इन्व्हर्टरवर असला की झालं.

पण मोबाइलवर वही उघडलीच नाही तर? ब्राउझरचा एरर घाईघाईत बंद करू नका, वाचा. बिघाड कुठे आहे, हे तोच सांगतो.

‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’. म्हणजे नाव कळलं नाही. पोर्तुगीजांच्या कागदांत ‘चौल’ म्हटलेला किल्ला आज रेवदंड्यात आहे. कुणी सांगितल्याशिवाय नवख्याला कसं कळणार? तसंच हे. ‘होमस्टे.लोकल’सारखी नावं जुन्या अँड्रॉइडला कळत नाहीत. आकडी पत्ता टाकून बघा, १९२.१६८.१.२० असा काहीतरी असतो. उघडलं? मग सर्व्हर ठणठणीत, घोळ फक्त नावाचा. हा पत्ता राउटरमध्ये लॅपटॉपसाठी राखून ठेवा, नाहीतर तो बदलू शकतो.

‘कनेक्शन नाकारलं’. घर सापडलं, पण त्या दाराशी कुणी नाही. सर्व्हर चालू आहे का? पोर्ट नंबर बरोबर आहे का? एचटीटीपीऐवजी एचटीटीपीएस तर पडलं नाही ना? आणि मोबाइलवर ‘लोकलहोस्ट’ टाकू नका. लोकलहोस्ट, म्हणजे १२७.०.०.१, हा ज्याचा त्याचा स्वतःचा पत्ता. मोबाइल स्वतःलाच हाक मारत बसतो. सर्व्हर फक्त याच पत्त्यावर ऐकत असेल, तरीही बाहेरच्यांना नकारच मिळतो. सेटिंगमध्ये ०.०.०.० करा.

‘खूप वेळ लागला’. हाक मारली, उत्तरच नाही. लॅपटॉप झोपलाय का, फायरवॉल अडवतंय का, ते बघा. मोबाइल गेस्ट वायफायवर असेल, तर तिथून वही सहसा दिसत नाही, आणि ते चांगलंच आहे. पाहुण्यांना तेच वायफाय द्या. शेवटची गंमत म्हणजे नेट गेलं की काही अँड्रॉइड फोन वायफाय जोडलेलं असूनही गुपचूप मोबाइल डेटावर जातात. डेटा बंद करा, वही उघडेल.

पावसाळ्याआधी एकदा राउटरची नेटची वायर काढून हे सगळं तपासा. वादळात शिकायला वेळ नसतो. भेटू पुढच्या भागात!