जुना अ‍ॅम्प्लिफायर व जोडीचे स्पीकर

ज्या घरीं गाण्याची आवड मोठी पण पैसा बेताचा, तेथें जुना अ‍ॅम्प्लिफायर घेण्याचा विचार सुज्ञपणाचाच होय. परंतु वधूवरांच्या पत्रिका बारकाईनें जुळविणारी आमची मंडळी येथें मात्र केवळ वॅटचा आंकडा पाहतात, याचें आम्हांस नवल वाटतें.

पहिला गुण ओहमचा. केवळ ८ ओहमसाठीं बांधलेल्या अ‍ॅम्प्लिफायरास ४ ओहमचे स्पीकर जोडल्यास त्यास जवळजवळ दुप्पट विद्युत्प्रवाह द्यावा लागतो. तो तापतो, प्रसंगीं जळतोही.

दुसरा गुण संवेदनशीलतेचा. १ वॅट शक्तीनें १ मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनि निघतो, तें स्पीकरच्या माहितीपत्रकांत पाहावें. शक्ति दुप्पट केली तरी वाढ अवघी ३ डेसिबलांची! म्हणून ८७ डेसिबलच्या स्पीकरास जेथें ४० वॅट लागतात, तेथें ९० डेसिबलच्या स्पीकरास २० पुरतात. सन १९७८ मध्यें निघालेला नॅड ३०२० हा २० वॅटचाच. तरी तो जगभर नांवाजला गेला. उलट, दुबळ्या यंत्राचा आवाज ताणून वाढविल्यास ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात, आणि स्पीकरांतील तारस्वरांचा नाजूक भाग प्रथम जळतो.

सौदा ठरविण्यापूर्वीं गाणें बंद ठेवून दोन्ही स्पीकरांस कान लावावा. बटण फिरवितांना होणारी खरखर बहुधा सफाईनें जाते. सतत घुमणारी गुणगुण मात्र बहुधा जीर्ण कपॅसिटरांची खूण असते, व त्यांचा खर्च किंमतींतून वजा करून घ्यावा. वाचलेला पैसा वाचकांनीं स्पीकरांवर घालावा. कारण घरांतील स्वराचा पोत मुख्यतः तेच ठरवितात.